तीन कॉर्ड्सचं भांडवल

गिटार शिकतेय असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "या वयात?" आणि दुसरा, "मग, आता काय काय वाजवता येतं?" पहिल्याचं उत्तर मी पाठ करून ठेवलं आहे. वय त्र्याहत्तर. आधीची वर्षं शाळा, संसार आणि पेपरांचे गठ्ठे तपासण्यात गेली, पुढची किती आहेत ते ठाऊक नाही, म्हणजे हाताशी उरतं ते हेच वय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ऐकणाऱ्याला जरा कमी वाटतं. चौदा महिन्यांत मला साडेतीन गाणी येतात. तीही भावगीतं किंवा भजनं नव्हेत, रॉक बँडची, चांगली गाजलेली, हिट म्हणतात तसली. आजचा लेख त्या साडेतीन गाण्यांची बाजू मांडण्यासाठी.

विरुद्ध बाजू आधी सांगते, म्हणजे न्याय होईल. आमचे दादा (माझे चुलतभाऊ, वय ब्याऐंशी, शास्त्रीय गाणं शिकलेले आणि आयुष्यभर शिकवलेले) फोनवर म्हणाले, "अगं, आधी पाया. दोन वर्षं नुसते अलंकार आणि पलटे. गाणी मागाहून. आणि शिकायचीच तर ही चार दिवसांची उडती गाणी कशाला?" दादांशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नाही, पण लिहायला हरकत नसावी.

हाच सल्ला त्यांनी दहा वर्षांच्या मुलाला दिला असता तर मी मान डोलावली असती. पण माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं सुजलेली आहेत. डॉक्टर म्हणाले, वयाची झीज आहे, बोटं हलती ठेवा, पण दुखलं की थांबा. किती वर्षं हलती राहतील ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हा हिशोब असा आहे. बोटांची जी काही वर्षं शिल्लक आहेत, त्यातली पहिली दोन पलट्यांना द्यायची की गाण्यांना?

माझे सर चोवीस वर्षांचे आहेत. ते मला 'बाई' म्हणतात आणि मी त्यांना 'सर' म्हणते, त्यामुळे क्लासमधल्या बाकीच्या मुलांचा सुरुवातीला गोंधळ उडाला की नेमकं कोण कुणाला शिकवतंय. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, कुठलं गाणं वाजवायचंय?" आता माझी रॉकची शिदोरी म्हणजे नव्वदच्या दशकात मुलाच्या खोलीत चालणाऱ्या कॅसेट. त्याची खोली आणि माझं स्वयंपाकघर यांत एकच भिंत होती. पोळ्या लाटता लाटता नावं कळली नाहीत, पण चाली मुरल्या. त्यातली एक मी गुणगुणून दाखवली. सर हसले आणि म्हणाले, "हे तर 'बॅड मून रायझिंग'!"

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या कॅलिफोर्नियातल्या बँडचं हे १९६९ सालचं गाणं, जॉन फॉगर्टीने लिहिलेलं. शब्द सगळे अरिष्टाचे आणि चाल अशी की पाय आपोआप ठेका धरतो. या अख्ख्या गाण्यात कॉर्ड्स किती? तीन. डी, जी आणि ए.

ज्यांचा गिटारशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या गाण्यात एका वेळी एक स्वर लागतो. कॉर्ड म्हणजे निदान तीन स्वर एकदम छेडायचे. षड्जावर उभी केलेली कॉर्ड म्हणजे सा-ग-प. मध्यमावर उभी केली तर म-ध-सा. पंचमावर उभी केली तर प-नी-रे. पेन्सिल घ्या आणि हे नऊ स्वर कागदावर लिहून बघा. सा आणि प दोनदा आले, पण सातही शुद्ध स्वर हजर आहेत! म्हणजे या तीन कॉर्ड्समध्ये सबंध सप्तक मावतं. 'बॅड मून रायझिंग' डी पट्टीत, म्हणजे आपल्या पेटीवरच्या पांढरी दोनमध्ये आहे, आणि डी, जी, ए या त्या पट्टीतल्या नेमक्या सा, म आणि प वरच्या कॉर्ड्स.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. दादा ज्याला पाया म्हणतात तो या गाण्याच्या पोटातच आहे. कुठल्या मात्रेवर कॉर्ड बदलायची, बदलताना उजव्या हाताचा ठेका थांबू द्यायचा नाही, सा वरून म वर गेल्यावर कानाला काय वाटतं आणि प वरून सा वर परतल्यावर का बरं वाटतं, हे सगळं मला त्या एका गाण्याने शिकवलं. पलट्यांनीही शिकवलं असतं, नाही असं नाही. पण पलटा संपला की हातात पलटाच उरतो. गाणं संपलं की हातात गाणं असतं आणि संध्याकाळी सूनबाई भाजी निवडता निवडता त्यावर मान हलवते.

दुसरं असं की ही गाणी ज्यांनी बनवली ती मंडळीही बहुतेक अशीच शिकली. पॉल मॅकार्टनी एक आठवण नेहमी सांगतो. लिव्हरपूलमध्ये या पोरांना ई आणि ए या कॉर्ड्स येत होत्या, बी सेव्हन येत नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी ती येते असं कळलं, म्हणून बस पकडून त्याच्याकडे गेले, एक कॉर्ड शिकले आणि परत आले. ई पट्टीत सा, म, प वरच्या कॉर्ड्स म्हणजे ई, ए आणि बी. पंचमाची खिडकी तेवढी बंद होती, ती उघडायला बसचं तिकीट काढलं! पुढे हेच बीटल्स झाले. एकेका कॉर्डसाठी असा प्रवास करणाऱ्या मुलांना कुणी आधी दोन वर्षं थांबा म्हटलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

ती बी सेव्हन माझ्याही वाट्याला आली, ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'मध्ये. गाणं १९७६ सालच्या अल्बममधलं, पण गिटार शिकणारी पोरं अजूनही हटकून हेच मागतात. मूळ पट्टीत पहिलीच कॉर्ड बी मायनर, आणि ती माझ्या बोटांच्या आवाक्याबाहेरची. पण बँडने स्वतः त्याच्या सुरुवातीच्या अकूस्टिक गिटारवर सातव्या पडद्यावर कॅपो लावला होता. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर बसवायचा चिमटा. तो सगळ्या तारा एकदम दाबतो आणि पट्टी वर सरकते. मग बी मायनरची ई मायनर होते, जी दोन बोटांत येते, आणि दुसरी कॉर्ड होते तीच ती बी सेव्हन. शिवाय तिथे पडदे जवळजवळ असतात, त्यामुळे बोटं ताणावी लागत नाहीत. आठ कॉर्ड्सचं एक आवर्तन. पाच महिने लागले, पण आता थांबावं लागत नाही. शेवटचं ते प्रसिद्ध दोन गिटारींचं वादन मी फक्त ऐकते.

आता बोटांविषयी. गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाचा घाट म्हणजे एफ कॉर्ड. पहिलं बोट आडवं टाकून पहिल्या पडद्यावर सगळ्या तारा दाबायच्या. माझं बोट आडवं होतं, पण तारा दबत नाहीत. सरांनी मग धाकटी एफ दाखवली. तीन बोटं नेहमीच्या जागी, आणि सगळ्यात बारीक तार मोकळी सोडायची. सी ला सा धरलं तर एफ म्हणजे म-ध-सा, आणि या मोकळ्या तारेमुळे त्यात एक गंधार येऊन बसतो. क्रीडन्सचंच 'हॅव यू एव्हर सीन द रेन' (१९७१) मी या धाकट्या एफवर वाजवते. तो जास्तीचा गंधार त्या गाण्यात जरा हळवा लागतो. फॉगर्टीचा सख्खा भाऊ टॉम त्याच वर्षी बँड सोडून गेला, हे माहीत झाल्यापासून तर मला तो गंधार बरोबरच वाटतो.

यावर कुणी म्हणेल, ही पळवाट झाली. अशांसाठी टोनी आयोमीची गोष्ट. बर्मिंगहॅमचा हा मुलगा सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात हात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. जँगोची दोन बोटं १९२८ च्या आगीत निकामी झाली होती, तरी तो गिटारचा बादशहा झाला. आयोमीने मग भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना शिंप्याच्या अंगुस्तानासारखी टोपणं केली, त्यांवर चामडं लावलं. जाड तारा दबेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा चढवल्या. पुढे १९७१ च्या अल्बममध्ये तारा सैल करून पट्टीच खाली उतरवली. त्या उतरलेल्या पट्टीचा घुमणारा जड आवाज नंतर हेवी मेटलच्या कितीतरी बँडनी उचलला. त्याच्या ब्लॅक सॅबथचं सगळ्यात गाजलेलं 'पॅरानॉईड' (१९७०) तर अल्बममध्ये जागा उरली म्हणून घाईघाईत केलेलं गाणं. (हे गाणं मी घरात लावलं तेव्हा नातवाने येऊन माझी तब्येत विचारली.)

आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारूख बलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. पाचगणीतच त्याने शाळासोबत्यांबरोबर द हेक्टिक्स नावाचा बँड काढला होता, पण तो पियानोवर. गिटार त्याला जेमतेम येई. क्वीनचं 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' (१९७९) त्याने म्युनिकच्या हॉटेलात आंघोळीच्या टबात असताना गिटारवर काही मिनिटांत रचलं. मोजक्याच कॉर्ड्स येत होत्या म्हणून गाणं साधं राहिलं आणि चांगलं झालं, असं तो स्वतः म्हणत असे. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं क्वीनचं हे पहिलं गाणं. सगळ्यात कमी येणाऱ्या वाद्यावर!

आता राहिलं अर्धं गाणं. ते म्हणजे डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर'. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रू गावी ४ डिसेंबर १९७१ रोजी फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर उडवली आणि कॅसिनो जळून गेला. तळ्यावर पसरलेला तो धूर पाहून हे गाणं सुचलं. मला येते ती फक्त सुरुवातीची धून, म्हणून अर्धं. पण त्या धुनेत मला एक ओळखीची चीज सापडली. ती दोन तारांवर एकदम वाजवतात, आणि पहिलीच जोडी आहे खालचा पंचम आणि वरचा षड्ज. तानपुऱ्याची पहिली तार आणि दुसरी तार! पुढे वरच्या तारेवर कोमल गंधार येतो, शुद्ध मध्यम येतो आणि क्षणभर तीव्र मध्यम चमकून जातो. ज्याला लोक गोंगाट म्हणतात त्या संगीताचा पुष्कळसा डोलारा सा आणि प या दोन स्वरांवर उभा आहे. त्यांच्या भाषेत पॉवर कॉर्ड म्हणजे हीच जोडी, गंधार नसलेली. दादांना हे मी फोनवर वाजवून दाखवलं तर ते म्हणाले, "पंचम उतरलाय." तार जुळवून पुन्हा वाजवलं.

माझ्या पेशामुळे असेल, पण मला या मंडळींत मास्तर फार भेटले. डायर स्ट्रेट्सचा मार्क नॉफ्लर आधी कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. द पोलीसचा स्टिंग प्राथमिक शाळेत शिक्षक होता. क्वीनचा ब्रायन मे काही काळ गणित शिकवत होता. त्याने वडिलांबरोबर शेकोटीच्या चौकटीच्या जुन्या लाकडातून आपली गिटार घरी घडवली आणि तो नाण्याने तारा छेडतो. शिवाय सत्तरच्या दशकात अर्धवट राहिलेली खगोलशास्त्राची पीएच. डी. त्याने २००७ साली, साठाव्या वर्षी पुरी केली. उशिरा शिकण्याचा दाखला हवा असेल तर हा घ्या.

आणि मास्तरांवर सगळ्यात कडक टीका करणारं गाणं, पिंक फ्लॉईडचं 'अनदर ब्रिक इन द वॉल' (१९७९), त्यात गाणारी मुलं लंडनच्या इझलिंग्टन ग्रीन शाळेतली खरी मुलं आहेत. त्यांना स्टुडिओत गायला कुणी नेलं? त्यांच्या संगीतशिक्षकाने. छत्तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर मला ते गाणं टोचत नाही. मुलांना एका साच्यात दाबणारा मास्तर असतोच, आणि शाळेला नावं ठेवणारं गाणंसुद्धा मुलांकडून सुरात म्हणून घेणारा मास्तरही असतो. दक्षिण आफ्रिकेत १९८० साली शाळकरी मुलांनी ते आपलं गाणं म्हणून उचललं, तेव्हा सरकारने त्यावर बंदी घातली. चार दिवसांच्या उडत्या गाण्यांवर सरकारं बंदी घालत नाहीत.

हिट या शब्दाला आपल्याकडे उगाच नाक मुरडतात. त्या वेळी गाजलेली आणि विसरली गेलेली गाणी ढिगाने आहेत, ती मलाही माहीत नाहीत. पन्नास वर्षांनंतर महाराष्ट्रातल्या एका लहान गावात चोवीस वर्षांचा मुलगा त्र्याहत्तर वर्षांच्या बाईंना जी गाणी शिकवतो, ती चाळणीतून खाली न पडलेली गाणी आहेत. नवशिक्याने चाळणीत उरलेलंच घ्यावं. मराठी शिकवतानाही आम्ही तेच करत होतो. व्याकरण शिकवायचोच, पण मुलांच्या तोंडात आधी कविता जायची.

म्हणून सराव नको असं मी म्हणत नाही. सर मला रोज दहा मिनिटं मेट्रोनोमच्या टकटकीवर बसवतात, आणि त्या दहा मिनिटांशिवाय एकही गाणं उभं राहिलं नसतं. ज्याला मैफल करायची आहे, ज्याच्यापुढे चाळीस वर्षं आहेत, त्याने दादांचंच ऐकावं. माझं म्हणणं माझ्यासारख्यांपुरतं आहे. आपल्याला थोडंच येणार आहे हे धरून चालावं, आणि त्या थोड्यात पुरं काय होतं ते बघावं. तीन कॉर्ड्समध्ये एक गाणं पुरं होतं. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स ऐंशीच्या घरात आला तेव्हा त्याने सांगितलं की संधिवाताने आपलं वाजवणं बदललं आहे. थांबलं आहे असं नाही म्हणाला, बदललं आहे म्हणाला.

आमच्या वयाच्या कुणाला हे वाचून हुरूप आलाच, तर चार व्यवहाराच्या गोष्टी. गिटार घेताना तारा पडद्यांपासून फार उंच नाहीत ना ते बघा. दुकानदाराला सांगून सगळ्यात हलक्या तारा चढवून घ्या, आयोमीनेही तेच केलं होतं. डाव्या हाताची नखं कापा. बोटांच्या टोकांना घट्टे पडेपर्यंत चुरचुरतं, तीन-चार आठवड्यांत ते कमी होतं. पण सांधा दुखायला लागला तर त्या दिवशी पेटीत ठेवून द्या. पाव तास सकाळी आणि पाव तास संध्याकाळी पुरे. आणि कॅपो नक्की घ्या. कॉर्ड्स जी च्या आकारात धरून तो पहिल्या पडद्यावर लावला की थेट काळी चार मिळते, म्हणजे घरातल्या बायकांना सोबत गाताही येतं.

गाणं मात्र कुणी सुचवलेलं घेऊ नका. तुमच्या भिंतीपलीकडून ऐकू येऊन तुमच्यात मुरलेलं एखादं असेल, ते घ्या. बहुतेक तीन कॉर्ड्समध्ये निघेल. चौथी लागली तर सर आहेतच, नाहीतर बस आहे.